सावलीतल्या दोन खुर्च्या

“इथे बसायचं का?” मी विचारलं.

“काय?”

“इथे. बसायचं का?”

“काय म्हणतेस?”

मी बोटाने खुर्ची दाखवली. ह्यांनी खुर्चीच्या पट्टीवर हात ठेवला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. सूर्य बरोबर डोक्यावर होता. समोर पोहायचा तलाव, तलावात आणि तलावाच्या काठाने निम्मी दुनिया पसरलेली, आणि त्या निम्म्या दुनियेला पुरून उरेल असा ढणढणाट खांबांवरच्या कर्ण्यांतून चाललेला. मधूनमधून एक पोरगी माइकवरून किंचाळायची, की मग सगळे हात वर करून किंचाळायचे. काठाला दोन-चार छत्र्या होत्या. त्यांच्याखालच्या खुर्च्यांवर माणसं नव्हती, टॉवेल होते. पहाटे येऊन कुणीतरी टाकून गेलेले.

“चल खाली,” हे म्हणाले. “इथे माझं डोकं फिरतंय.”

हे म्हणजे माझे यजमान. डावा कान लहानपणी गालगुंड झाल्यापासून कामाचा नव्हता. उजव्या कानाच्या जिवावर ह्यांनी सांगलीच्या टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी काढली. लाइनवरची खरखर नुसती ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगायचे. आणि आता त्याच उजव्या कानाच्या नसेवर गाठ आली होती. गाठ साधी होती, पण जागा वाईट. काढली नाही तर मेंदूकडे सरकणार, आणि काढली तर ऐकू येणं कायमचं संपणार. मिरजेच्या डॉक्टरांनी हे सगळं कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. तोपर्यंत शब्द कळायचे, पण भोवती शांतता असली तरच. गलका असला की सगळे आवाज एकमेकांत कालवले जायचे आणि ह्यांच्या वाट्याला नुसता गोंगाट यायचा. त्यात ऊन लागलं की भोवळ.

अशा माणसाने बोटीची सहल काढावी, हे आमच्या घरात कुणालाच पटलं नव्हतं.

“बाबा, आधी ऑपरेशन उरकून घ्या, मग जा,” मंजिरी, आमची मुलगी, म्हणाली होती.

“मग जाऊन काय करू?”

“समुद्र काय, बघायचाच असतो.”

“तुम्ही बघा,” हे म्हणाले.

झालं होतं असं की सहलवाल्यांच्या जाहिरातीत ह्यांनी एक फोटो पाहिला होता. मोठ्या बोटीचा मोकळा डेक, वर पांढऱ्या कापडाची सावली, खाली शेजारी शेजारी दोन खुर्च्या, आणि पलीकडे नुसतं निळं पाणी. चिटपाखरू नाही. तो फोटो ह्यांनी मला दोनदा दाखवला. दुसऱ्यांदा दाखवला तेव्हा चहा गाळता गाळता मी म्हटलं, “बरं, मग?”

“इथे जाऊन बसू. मला तुझ्याकडून एक गोष्ट ऐकायचीय. कान आहे तोवर.”

“मग ऐका की. इथे काय धाड भरलीय?”

“इथे नाही. तिथे बसल्यावर सांगतो.”

इथे नाही, हे एका अर्थी खरंच होतं. आमच्या घराखाली पिठाची गिरणी, समोर मंगल कार्यालय, घरात नातवंडं आणि दिवसभर चालणारा टीव्ही. लग्न होऊन मी ज्या घरात आले तिथे सासूबाई, दोन दीर, एक नणंद आणि पाहुण्यांची ये-जा. नवरा-बायकोंनी दोन खुर्च्या टाकून बसायचं, ही कल्पनाच आमच्याकडे कुणाला शिवली नव्हती. मी मनाशी ओळखलं, ह्यांना गाणं ऐकायचं असणार. मला बघायला आले तेव्हा मी एक गाणं म्हटलं होतं. त्यानंतर शाळेत शिकवताना पोरांबरोबर प्रार्थना तेवढ्या म्हटल्या. निघायच्या आधी पंधरवडाभर मी न्हाणीघरात नळ सोडून ते गाणं घोटून घेतलं. वरचा स्वर लागत नव्हता, पण म्हटलं ह्यांना कुठे कळतंय.

सिंगापूरहून बोट सुटली. बोट कसली, माळ्यांवर माळे चढवलेलं पाण्यावरचं गावच ते. आमचा सांगली-कोल्हापूरकडचा पस्तीस-चाळीस जणांचा ग्रूप होता. आमची खोली आतल्या बाजूला, बिनखिडकीची. छतातल्या जाळीतून गार वारा घोंघावत यायचा. तो बंद करायचं बटण होतं, ते दाबलं की वारा थांबायचा आणि घोंघावणं मात्र तसंच चालू. खोलीत बोलायची सोय नव्हती. मग आम्ही दोघं बाहेर पडलो, सावली शोधायला. हे एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने मला धरून.

जिथे सावली होती तिथे कर्णा होता. जिथे कर्णा नव्हता तिथे टळटळीत ऊन. मागच्या बाजूला जरा अंधारी जागा दिसली म्हणून गेलो, तर तिथे सिगारेटवाले धूर सोडत बसलेले. एका माळ्यावर मुलांच्या घसरगुंड्या, एका माळ्यावर भिंत चढायचा खेळ, एका माळ्यावर नुसतीच दुकानं. एवढी अवाढव्य बोट, आणि ज्याला गुमान बसून समुद्र बघायचाय त्याच्यासाठी तिच्यावर हातभर जागा ठेवायला हे लोक विसरले होते. का मुद्दामच ठेवली नव्हती, कोण जाणे. नुसत्या बसलेल्या माणसाला काही विकता येत नाही.

आणि मग सगळ्यात वरच्या माळ्यावर, एका काचेच्या दारापलीकडे, मला तो फोटो दिसला. तस्साच. पांढऱ्या कापडाची सावली, शेजारी शेजारी खुर्च्या, पलीकडे पाणी. एक म्हातारी तोंडावर पुस्तक ठेवून झोपली होती. बाकी सगळं रिकामं. हे काचेला नाक लावून बघत राहिले. मी दाराच्या डबीला आमचं कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

आमचे टूर मॅनेजर देवधर तिथून चालले होते. पन्नाशीचा, गोड बोलून बोलून गाल दुखत असतील असा माणूस.

“काकू, ते वरच्या मोठ्या खोल्यांतल्या लोकांसाठी असतं. आपलं कार्ड नाही चालत तिथे.”

“मग जाहिरातीत फोटो कशाला छापला हो?”

“फोटो बोटीचाच आहे ना, काकू,” देवधर हसत म्हणाले. “काका, संध्याकाळी बिंगो आहे हं! यायचंय!”

“काय?” हे म्हणाले.

परतीच्या जिन्यात हे कठडा धरून एकेक पायरी उतरले. लिफ्टपाशी आल्यावर म्हणाले, “जाऊ दे, शरू. आपण आलो हेच खूप झालं.” मला ते ऐकून एवढा राग आला, की मी ठरवलंच. ह्या बोटीवर दोन खुर्च्यांपुरती सावली मी शोधणार.

दुसऱ्या दिवशी बोट पेनांगला लागली. ग्रूप देवळं बघायला उतरला, हे खोलीत पडून राहिले आणि मी एकटी बोट पालथी घातली. शेवटी सापडली. संकटकाळी समुद्रात सोडायच्या ज्या छोट्या नारिंगी बोटी असतात, त्या ज्या माळ्यावर टांगलेल्या असतात, तिथे त्यांच्या पोटाखाली एक अरुंद लाकडी वाट होती. तिच्या अगदी टोकाला, एका जड दाराच्या आड, गच्च सावली. लाकडी खुर्च्या होत्या, जुन्या धाटणीच्या. एक कर्णा होता, पण छोटा, आणि त्यातून हळू काहीतरी वाजत होतं. खाली बोटीच्या अंगाला घासून जाणाऱ्या पाण्याचा आवाज सरळ वर येत होता. मी तिथे पाच मिनिटं नुसती उभी राहिले आणि मला रडूच आलं.

बोट पुन्हा सुटली तशी मी जेवणानंतर धावतपळत तिथे गेले. दोन खुर्च्या कठड्याशी ओढल्या. एकीवर माझा रुमाल टाकला, दुसरीवर ह्यांची टोपी. एसटीत जागा धरतात तशी जागा धरली आणि ह्यांना आणायला खाली गेले.

ह्यांना आणायचं म्हणजे वेळ लागायचा. कपडे बदलले, कठडा धरत धरत, लिफ्ट चुकत चुकत आम्ही त्या जड दाराशी पोचलो. मी दार ढकललं.

“आवो या, या! तुमचीच वाट बघतोय!”

आमचा अख्खा ग्रूप तिथे बसला होता. खुर्च्यांच्या दोन रांगा लावलेल्या, चिवड्याची पिशवी हातोहात फिरत होती, आणि मधोमध चौगुलेअक्का. अक्का कोल्हापूरच्या. साखर कारखान्यातल्या एका रिटायर्ड चीफ केमिस्टची बायको, आवाज असा की पंचगंगेच्या ह्या काठावरून त्या काठावरच्या माणसाला जेवायला बोलवावं.

“तुमचा रुमाल म्या लगीच वळखला,” अक्का कौतुकाने म्हणाल्या. “जांभळ्या फुलांचा. म्हटलं शरयूताईंनी आपल्या माणसांसाठी जागा धरून ठेवलीया, किती ते ध्यान सगळ्यांचं! मग म्या बी सगळ्यांचं रुमाल टाकलं. एक गोरा आलता बसाय, त्याला हाकललं.”

आपल्या माणसाने टाकलेला रुमाल हा सगळ्या आपल्या माणसांसाठी असतो, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. एसटीत मी स्वतः एका रुमालावर पाच-पाच बाया बसवल्या आहेत. आमच्या दोन खुर्च्या मात्र अक्कांनी जिथल्या तिथे राखल्या होत्या, बरोबर मधोमध. आम्ही बसलो. भेंड्या सुरू झाल्या. टाळ्या, हशा, “अ आला, अ आला!” हे सगळ्यांकडे बघून हसत होते. कुणी वळून काही विचारलं की मान हलवत होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटून घेतले. पलीकडे समुद्र होता आणि त्याचा टिपूसभर आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

मी उठले आणि दाराआड जाऊन उभी राहिले. उद्याचा एकच दिवस उरला होता. परवा सिंगापूर, मग विमान, मग मिरज.

“काय वो, काय झालं?” अक्का मागोमाग आल्या होत्या. “रडाय काय झालं?”

“काही नाही.”

“काही न्हाई कसं? सासरचं कोन गेलं का म्हायेरचं? बोला की.”

मग मी सांगितलं. गाठ, शस्त्रक्रिया, कान, फोटो, सगळंच. ग्रूपमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनाच नको होतं ते, लोक उगीच ओरडून बोलायला लागतात म्हणून. अक्का ऐकत होत्या, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता.

“आगं बया,” त्या शेवटी म्हणाल्या. खरंच हळू म्हणाल्या. “आणि म्या हितं चिवडा वाटत बसले. आधी सांगायचं न्हाई व्हय?”

“आता काय, झालं ते.”

“झालं कसं? उद्याचा दिस हाय की. काय ऐकायचंय त्यास्नी तुमच्याकडनं?”

“गाणं असेल.”

“येतंय न्हवं?”

“येतं.”

“मग झ्याक. उद्या जेवण झालं की घिऊन या. बाकीचं म्या बगते.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर अक्कांनी जाहीर केलं, की भेंड्यांची फायनल आता आहे, वरच्या तलावापाशी आहे, आणि जो येणार नाही त्याची टीम बाद. देवधर म्हणाले, तिथे फार ऊन आहे, अक्का. अक्का म्हणाल्या, “साखर कारखान्यातली माणसं हाईत, उन्हानं इरघळत न्हाईत.” सगळी वरात घेऊन त्या वर गेल्या. जाताना माझ्याजवळ येऊन कानात म्हणाल्या, “कर्ण्याचं तोंड बांधून आलीया.”

आम्ही त्या दाराशी पोचलो. बाहेर कोणी नव्हतं. कठड्याशी दोन खुर्च्या. आणि वर भिंतीवरच्या त्या छोट्या कर्ण्याला अक्कांनी आपली लोकरीची शाल चांगली तीन-चार वेढे गुंडाळून, कपडे वाळत घालायला आणलेल्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली होती. बोटीच्या लोकांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते देव जाणे. आतून नुसतं पुटपुटल्यासारखं काहीतरी येत होतं, तेही मला. ह्यांना तेवढंही नाही.

हे बसले. मी त्यांच्या उजव्या हाताला बसले, कानाच्या बाजूला. डोक्यावर नारिंगी बोटीचं पोट, अंगावर दाट सावली, आणि खाली पाणी. सुऽऽ करून जायचं, मग बोटीवर थापटल्यासारखं, मग पुन्हा सुऽऽ. हे मान जरा तिरकी करून, कान पाण्याकडे करून बसले होते. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासताना बसायचे तसे.

“येतंय ऐकू?” मी विचारलं. अगदी रोजच्या आवाजात.

“येतंय,” हे म्हणाले. “दोन्ही येतंय. ते पण आणि तू पण.”

मी पदर सारखा केला. घसा साफ केला. पहिली ओळ जिभेवर आणली.

“गाणं नको,” हे म्हणाले.

“मग?”

“हसणार नाहीस?”

“नाही.”

“मला नावाने हाक मार.”

मला आधी काही समजलंच नाही. “म्हणजे? उखाणा घेऊ?”

“उखाणा नको. तो तू लोकांसाठी घेतलास, ताटात लाडू होता म्हणून. नुसती हाक. माणसाला मारतात तशी.”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. आमच्या पिढीत कोण मारत होतं? मी ‘अहो’ म्हणत होते, ‘ऐकलंत का’ म्हणत होते, इतरांशी बोलताना ‘हे’ म्हणत होते, आता लिहितानाही तेच म्हणते आहे. एक्स्चेंजमध्ये फोन केला की सांगायचे, साहेबांना द्या. पलीकडचा विचारायचा, कुठले साहेब? आमचे, मी म्हणायचे. माझ्या वर्गात ह्यांच्याच नावाचा एक मुलगा होता, त्याला मी चौथी पास होईपर्यंत ‘ए मोरे’ म्हटलं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की कार्डच पुढे करायचे. ह्यात कसला धाक होता असंही नाही. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली होती. जीभ वळतच नव्हती, बस.

“घरी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं.

“घरी तू मारली नसतीस. घरी आईचा फोटो आहे भिंतीवर.”

मला हसू आलं. ह्यांना आलं नाही.

“आई होती तोवर मारायची,” हे पाण्याकडे बघत म्हणाले. “परसातून, मोठ्याने. ती गेली. मग शाळेतला दोस्त बापू होता, तो अर्धंमुर्धं का होईना पण नाव घ्यायचा. तोही गेला. आता मी बाबा आहे, आजोबा आहे, काका आहे, शिराळकर आहे. तू अहो म्हणतेस. नुसत्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, शरू. कान जायच्या आत एकदा ऐकावंसं वाटतंय. तुझ्या आवाजात.”

मी तोंड उघडलं. आणि खरं सांगते, मी मागे वळून पाहिलं. समुद्राच्या मधोमध, परदेशी बोटीवर, त्या सावलीत, मी सासूबाई तर नाहीत ना म्हणून मागे पाहिलं.

“पद्माकर,” मी म्हटलं.

“काय?”

“पद्माकर.”

ह्यांनी मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं. मी इतकं तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं, की चांगल्या कानाच्या माणसालाही कळलं नसतं. हे कान माझ्याकडे आणून, डोळे मिटून वाट बघत होते. त्यांच्या कानशिलावरची शीर उडत होती. मला एकदम वाटलं, आत्ता नाही जमलं तर हे असेच मिरजेला जातील.

मी उभी राहिले. कठडा धरला, आणि शाळेच्या मैदानावरून पोराला बोलवावं तशी, पोटातून, सगळा जीव लावून ओरडले.

“पद्माकर! ए पद्माकरऽऽ!”

दूर वाटेवर पितळी कडी पुसत असलेला एक खलाशी चमकून उभा राहिला. डोक्यावरच्या बोटीच्या पोटावर आपटून माझाच आवाज मला परत ऐकू आला.

आणि ह्यांनी डोळे न उघडता ओ दिली.

“ओऽऽ!”

लहान मुलाने द्यावी तशी. खेळता खेळता, कुठूनतरी लांबून, आलोच म्हणत द्यावी तशी. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि एवढे हसले, एवढे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं.

“पुन्हा मार,” ते म्हणाले.

मी मारली. त्यांनी ओ दिली. पुन्हा मारली. किती वेळा ते मी मोजलं नाही. मग मोठ्याने, मग हळू, मग रागावल्यासारखी, मग नुसती, काही काम नसताना मारतात तशी. प्रत्येक वेळी ओ आली. सावली सरकून पायाशी ऊन आलं तरी आम्ही तिथेच होतो. शेवटी दार ढकलून अक्का आल्या, उन्हाने लालबुंद झालेल्या, हातात भेंड्या जिंकल्याचं चॉकलेट.

“झालं का गाणं?”

“झालं,” मी म्हटलं.

“वरपातूर आवाज आला की वो. कुठलं गाणं म्हनायचं ते?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शाल सोडायला खुर्चीवर चढल्या.

शस्त्रक्रिया चांगली झाली. गाठ पूर्ण निघाली. मला आत सोडलं तेव्हा हे अजून गुंगीत होते. डोक्याला पांढरं बँडेज, नाकात नळी. सिस्टर नवीन होती, केरळची, चांगली होती. म्हणाली, “आजी, नाव घेऊन हाक मारा. ओळखीचा आवाज आला की पेशंट लवकर शुद्धीवर येतात.”

मी खाली वाकले आणि हाक मारली. आता जीभ अडत नव्हती. पद्माकर. अहो पद्माकर. ए पद्माकर. मंजिरी दारातून माझ्याकडे बघत राहिली. ह्यांची पापणीसुद्धा हलली नाही. सिस्टर म्हणाली, अजून मोठ्याने. मी अजून मोठ्याने मारली. मग तिला केसपेपर आठवला असावा. तिने हळूच माझा हात धरून त्यांच्या गालावर ठेवला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. ते चांगले आहेत. पाटीवर लिहून, हातवारे करून आमचं सगळं चालतं, भांडणंसुद्धा होतात. आणि मी त्यांना दिवसभर नावाने हाक मारते. स्वयंपाकघरातून, परसातून, जिन्यावरून, सासूबाईंच्या फोटोसमोरून. सूनबाई आधी हसायची, आता तिलाही सवय झाली आहे. ते पाठमोरे बसलेले असतात, पेपर वाचत.

“पद्माकर,” मी म्हणते, “चहा झालाय.”

आणि क्षणभर थांबते. मग जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवते.